माझ्यामागून म्हणा

२ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची. पन्नाशी उलटल्यावर परदेशात नोकरी म्हणजे उतारवयातलं दुसरं लग्न. लोक तोंडावर अभिनंदन करतात आणि पाठ वळली की म्हणतात, हिला काय कमी होतं? काहीच कमी नव्हतं. ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, लेक आपल्या घरी सुखात आहे, शाळेतून मी आपणहून निवृत्ती घेतलेली. घरात बोलायला फक्त भिंती उरल्या होत्या, आणि माझी जीभ त्यांनाही सोसेना. पोपडे धरले होते त्यांनी. तेव्हा इंग्रजी शिकवायला इथे आले. परक्यांना परकी भाषा शिकवणारी परकी बाई. तिघेही एका पातळीवर, कुणी कुणाला हसायचं नाही.

खोली झकास आहे. खाली लाँड्री, वर मी. जमीन लाकडी, फटीफटीची, त्यातून इस्त्रीची वाफ वर येते आणि पाय फुकटात शेकले जातात. नळ सोडला की आधी खोकतो, घसा साफ करतो आणि मग पाणी देतो. थेट आमच्या शाळेचा हेडक्लार्क. घरमालकीण म्हणजे लाँड्रीवालीच. गोल चेहरा, मनगटांवर इस्त्रीचे जुने चटके. माझी बॅग तिनेच वर आणली. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. ती हसली, मी हसले. निम्मे संसार तेवढ्यावर चालतात.

माझा फोन इथे अजून सुरू झालेला नाही, म्हणून लाँड्रीच्या काउंटरवरच्या फोनवरून लेकीला पोचल्याचं कळवलं. लेक म्हणजे ठमी. नाव वेगळं आहे, पण लहानपणी गाल फुगवून बसायची म्हणून ठमी. बँकेत ऑफिसर झाली तरी ठमीच. म्हणाली, हा नंबर घेऊन ठेवते, आणि आई, तिथे तरी जरा जपून बोल हं. मी म्हटलं, अगं, इथे माझं बोलणं कळणार कुणाला? मोकळं रान आहे मला.

४ सप्टेंबर, बुधवार

शाळा म्हणजे एका जुन्या इमारतीचा मधला मजला. मुख्याध्यापक उंच आणि वरून वाकलेले, प्रश्नचिन्हासारखे. त्यांनी पद्धत समजावली. इथे पुस्तक नाही, फळाही नावापुरता. शिक्षकाच्या तोंडून वर्गात जे निघेल ते वर्गाने मागून म्हणायचं, जसंच्या तसं, सुरासकट. मी विचारलं, सगळं? म्हणाले, सगळं. विद्यार्थी निवडायला लागला की चुकायला लागतो. म्हणत राहिला की एक दिवस ते त्याचं होतं.

आमच्याकडे याला घोकंपट्टी म्हणतात आणि नावं ठेवतात. इथे पद्धत म्हणतात आणि फी घेतात.

वर्ग मोठ्या माणसांचा, दुपारी दुकानं बंद असतात त्या वेळात भरतो. पुढच्या बाकावर आमची लाँड्रीवाली, शेजारी कोपऱ्यावरचा औषधवाला, मागे शिंपी आणि निवृत्त पोस्टमन. मी आत गेले आणि खोकले. वर्ग खोकला. मला हसू आलं. वर्ग हसला, आणि हसता हसता शेवटी मी नाकाने श्वास ओढते ना, तोसुद्धा ओढला त्यांनी. गोड माणसं आहेत.

९ सप्टेंबर, सोमवार

इंग्रजीच्या नावाने शंख. साधं धिस इज अ विंडो म्हणायला सांगितलं, तर शिंप्याच्या खिडकीची काच फुटली आणि पोस्टमनची चौकटच निखळली. तासाभरात माझा घसा बसला. शेवटी मी, अगदी गोड हसून, साजूक मराठीत म्हटलं, देवाच्या दारी अक्कल वाटत होते तेव्हा चाळण्या घेऊन गेला होतात का रे सगळे?

आणि वर्ग म्हणाला. एका सुरात. चाळण्यांमधल्या ळ सकट, शेवटच्या त्या ‘रे’ला मी देते त्या हेलकाव्यासकट. शिंपी, ज्याला विंडो म्हणता येत नाही, तो असा बोलला की जणू आमच्या गल्लीत वाढलाय.

इतकी हसले की बसावं लागलं. खरं सांगायचं तर थोडं रडलेही. आठवडाभरात कानावर मराठीचा शब्द नव्हता.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आता नेमच झालाय. आधी थोडं इंग्रजी, दाखवण्यापुरतं, मग माझी मेजवानी. सगळ्यांची बारशी केली मी. औषधवाला मद्दड. शिंपी उसवलेला. पोस्टमन म्हणजे पत्ता चुकून परत आलेलं पाकीट. आणि लाँड्रीवाली ओली गोधडी, कारण ती बसते तिथे पसरते. गालावरून हात फिरवावा अशा स्वरात म्हणते, आणि ज्याला त्याला वाटतं बाईंनी लाडाचं नाव ठेवलं. मागून म्हणतातही किती मन लावून! स्वतःचं नाव आलं की लाजतात.

लाँड्रीवाली आता माझे कपडे घ्यायला वर येते तेव्हा स्वतःच्या छातीवर बोट ठेवून सांगते, ओली गोधडी. मी मान डोलावते. गडगडून हसायचं मग एकटीने.

२२ सप्टेंबर, रविवार

ठमीचा फोन, माझ्या आता सुरू झालेल्या मोबाइलवर. बँक सोडतेय. मातीची भांडी करणार म्हणे, चाक घेतलंय, भट्टी बघून ठेवलीय. आवाजात असं काही उधाण होतं की मला राहवलं नाही. जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं, लगामही नाही हे आज कळलं. म्हटलं, वा! सासूबाईंना सांग, सुनेने घराण्याचं नाव काढलं, आता पदवीच्या कागदांवर भट्टी पेटवा आणि मडकी विकून जावईबापूंना पोसा.

फोन स्पीकरवर होता. सासूबाई समोरच बसल्या होत्या, जावईबापूही. सगळ्यांना एकदम सांगावं म्हणून तिने सगळ्यांना जमवलं होतं, आणि पहिला मान मला दिला होता.

ती म्हणाली, आई, तुला एकदा तरी नुसतं ‘बरं’ म्हणता येत नाही का गं? आणि फोन ठेवला.

लगेच उलटा फोन करायला हवा होता. दोन शब्द म्हटले असते तर भागलं असतं. पण ते शब्द मी उभ्या जन्मात कुणाला म्हटलेले नाहीत. ह्यांनाही नाही, त्यांच्या शेवटच्या आजारातसुद्धा नाही. आता एवढ्यासाठी बोहनी कशाला, असं वाटलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

वर्गात जाऊन सगळी मळमळ ओकले. मराठीत. ठमीचं चाक, ठमीची भट्टी, ठमीचं सासर, लहानपणापासूनच कशी हट्टी. वर्गाने एकेक वाक्य उचललं आणि म्हटलं.

मी माझं बोलणं बोलताना आजवर ऐकलेलं नव्हतं. कोण ऐकतं? आज समोरून ऐकू आलं. ही बाई मला अजिबात आवडली नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

घशाला गोळ्या आणायला औषधवाल्याकडे गेले. काउंटरमागे खुर्चीत त्याची म्हातारी आई असते, शाल पांघरून. तो वाकला, तिची शाल सारखी केली, कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाला, मद्दड. माझ्याच स्वरात, पण ज्या स्वरात ते खरोखर लाड असतात त्या स्वरात. म्हातारीचा चेहरा फुलला.

मग मोडक्या इंग्रजीत त्याने मला विचारलं, आई विचारतेय याचा अर्थ काय. पायाखालची जमीन दुभंगत नाही कधी वेळेवर. मी सांगितलं, काळजाचा तुकडा.

म्हातारीने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाली, मद्दड. मला इतक्या मायेने कुणी कधी हाक मारलेली नाही. गोळ्या न घेताच घरी आले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

ठरवलं, मराठी बंद. इंग्रजीखेरीज अवाक्षर नाही. वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, धिस इज अ डोअर.

वर्गाने ते उचललं नाही. मग कुणी न सांगता म्हणायला लागला. आधी कालची वाक्यं, परवाची. मग आज सकाळचं, जे मी खोलीत एकटीने आरशासमोर केस विंचरताना पुटपुटले होते, की काय थोबाड झालंय, लेकीने टाकलं यात नवल ते काय. जमीन फटीफटीची आहे आणि खाली लाँड्रीवाली असते, तेव्हा तिने ऐकलं असेल, हे कळतं मला. पण शिंप्याने कुठून ऐकलं? पोस्टमनने?

आणि पूर्वी चार आवाज एका सुरात यायचे. आज एकच आवाज होता. माझा.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

जिन्यात अंगठा ठेचला. त्या पायरीला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं, नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. हवा. घसा बसलेला नाही, आई गं म्हणता आलं.

मग खोलीत बसून एकेक वाक्य तपासून पाहिलं. जे त्यांनी माझ्यामागून म्हटलंय ते माझ्याने म्हणवत नाही. चाळणी गेली. पाकीट गेलं. विंडो गेली, डोअर राहिलाय. ठमी म्हणून बघितलं. गेलं.

मुख्याध्यापकांना हातवारे करून सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, म्हणजे वर्ग तयार झाला.

९ ऑक्टोबर, बुधवार

ठमीला रोज फोन लावत होते, उचलत नव्हती. आज तिचा मेसेज आला. आई, काल तू बोललीस त्यावर रात्रभर विचार करत होते. किती वर्षांनी असं बोललीस! तू चक्क ‘बरं’ म्हणालीस, आणि पहिलं भांडं कुणासाठी करणार हेही विचारलंस. यापुढे लाँड्रीच्याच फोनवरून करत जा, आवाज छान येतो.

काल मी केलेला नाही फोन.

तसं लिहिलं तिला. ती मी नव्हे, दुसरंच कुणी आहे, खरं सांगते. तिने हसण्याचे चेहरे पाठवले. वर लिहिलं, आई, तू आणि तुझे विनोद! जन्मभर तिरकं बोलल्यावर माझ्या सरळ वाक्यावर विश्वास कोण ठेवणार? पुन्हा लिहिलं, शपथेवर लिहिलं. आणखी चेहरे आले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी लाँड्री बंद असते. खालून माझा आवाज येत होता. मागच्या दाराने गेले.

वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध बसले होते सगळे, गुडघ्याला गुडघा लावून. फोन मध्ये. चौघांचे ओठ एकदम हलत होते आणि एकच बाई बोलत होती. ठमीला म्हणत होती, दमतेस का गं चाकावर? हात दुखतात का? जेवलीस का वेळेवर? पलीकडून ठमी हसत होती, लहान असताना हसायची तशी.

मी हे कधीच विचारलं नव्हतं तिला. मला सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तर शेपूट लावलं असतं एखादं.

फोन ठेवून लाँड्रीवाली वळली. मला पाहून दचकलीही नाही. अगदी अदबीने, माझ्या आवाजात म्हणाली, बाई, तुम्हाला जमत नव्हतं, म्हणून आम्ही म्हटलं.

म्हणजे कळतं त्यांना. सगळं. गोधडी कळते, उसवलेला कळतं, पाकीट, मद्दड. कधीपासून? रागाचा मागमूस नव्हता एकाच्याही चेहऱ्यावर. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची दिली मला बसायला.

१३ ऑक्टोबर, रविवार

ठमी येतेय इथे. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला. तू इतकं बोलावतेस तर येतेच, असं लिहिलंय.

रडून झालं. आता डोकं चालवते. जे मी बोलले ते त्यांनी नेलं. जे कधीच बोलले नाही ते त्यांच्याकडे असणार कसं? एक वाक्य आहे माझ्याकडे, कोरं, घडी न मोडलेलं. चुकलं माझं. आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही, म्हणून अजून माझं आहे. ठमी आली की तिच्यासमोर उभी राहून तेवढं म्हणायचं. ती ओळखेल. ते म्हणताना मी कशी अडखळते, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

तोवर तोंड उघडायचं नाही. झोपेत बोलते की काय म्हणून तोंडाला रुमाल बांधून निजते. शाळेतून सुट्टी घेतली. लोक म्हणाले असते, हिची जीभ बांधायला एवढ्या लांब यावं लागलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

गेलं.

पाव आणायला उतरले होते. औषधवाल्याच्या दुकानासमोर म्हातारी बाकावर. हात केला. मी टाळून जात होते, तर ती उठायला लागली, काठी धरून, म्हणून थांबले. लेकाने तिचं म्हणणं मला सांगितलं, माझ्या आवाजात, माझ्या मराठीत. आईला खरा अर्थ कळला, म्हणाला. ती रागावलेली नाही. एवढंच विचारते, की तुमचा हात धरून ती तसं म्हणाली, तेव्हा तुम्ही मनात हसला होतात का?

हसले नव्हते. ते खरं होतं. पण म्हातारी माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की —

निघालं तोंडातून. चुकलं माझं. अडखळत, फाटक्या आवाजात. पाया पडले तिच्या. तिने डोक्यावरून हात फिरवला.

आणि दुकानाच्या आतून, काचेच्या कपाटांमागून, सगळे म्हणाले. चुकलं माझं. अडखळण्यासकट. माझ्यापेक्षा सुरेख.

२२ ऑक्टोबर

म्हणून पाहिलं. हवा.

इतरही काही राहिलं नाही. आई गं नाही. खोकला येतो, त्याला आवाज नाही.

पश्चात्ताप करावा तर तोही वाटत नाही धड. म्हातारीपुढे गप्प राहून लेकीसाठी साठवलं असतं तर — ती कसली माफी झाली असती मग?

२५ ऑक्टोबर

ठमीचा मेसेज. आई, काल फोनवर तू रडलीस आणि ‘चुकलं माझं’ म्हणालीस. मला काही नको आता. एवढंच हवं होतं.

पोचलं तिला. ज्याचं त्याला पोचलं. फक्त पाठवणारी —

मी पुन्हा लिहिलं की ती मी नाही. तिने लिहिलं, पुरे गं आई. आता तरी टोमणे नकोत.

३१ ऑक्टोबर

लाँड्रीवाली रोज ताट ठेवून जाते दारात. दार वाजवते हळूच. काही हवं का विचारते, माझ्याच — 

चांगली आहेत माणसं. हेच सोसत नाही.

निळी साडी इस्त्रीला दिली होती. परत आली नाही.

२ नोव्हेंबर

दुपार. गाडी थांबली खाली. ठमीचं पाऊल. जिन्यावर. आई म्हणून हाक मारली तिने.

‘ओ’ आली. माझ्या दाराबाहेरून.

कुलपाच्या भोकातून बघतेय. निळी साडी, पाठमोरी. केस मी बांधते तसे. कमरेवर हात, मी ठेवते तसा, मनगटावर इस्त्रीचे जुने चटके. भोवती बाकीचे, मान खाली घालून, ओठ हलवत. ठमी तिच्या गळ्यात पडलीय. ठमीचा चेहरा माझ्याकडे आहे. डोळे उघडे आहेत तिचे. बघतेय तिला, तरीही — असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी समोर असताना असा नसायचाच तो.

दार उघडू नये. कुणाचं भलं होणार आहे त्यात?

ठमी विचारतेय, ही बंद खोली कुणाची? ती म्हणाली, भाडेकरू आहे गं एक. आजारी असते, बोलत नाही. ठमी आवाज खाली आणून म्हणाली, बिचारी.

नाही. नाही हे. आवाज गेला, चेहरा माझा आहे अजून. लेक आहे ती माझी. वही घेऊनच उठते, बोलता नाही आलं तर लिहून दाखवीन — कडी काढली —

ठमी वळली. बघतेय. सरळ माझ्याकडे. हसली. एक पाऊल पुढे आली आणि बोलली. इंग्रजीत. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, परक्या माणसाशी बोलतात तसं, बऱ्या आहात ना, काही हवंय का तुम्हाला? मी लिहितेय, लिहितेय, थांब, वाच हे, ठमे, मी तुझी आ